लाल पट्टा की खरी ताकद? छोटी परफॉर्मन्स कार घेताना पैसे नेमके कुठे जातात

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला आणि माझ्या ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावरचा विषय बदलला. आधी 'कुठला फोन घेऊ' चालायचं, आता 'टर्बो घेऊ का' चालतं. रील्स उघडल्या की लाल पट्टे, काळे अलॉय आणि दोन तोंडांचे सायलेन्सर. खाली हमखास एक वाक्य: 'दहा लाखांत हॉट हॅच!'

मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, ऑटोमोबाइलचा नाही. पण स्पेक शीट वाचायची सवय आहे, आणि फोनच्या बाबतीत कंपन्या 'गेमिंग एडिशन' नावाखाली काय काय विकतात ते मी पाहिलं आहे. आतली चिप तीच, मागे दिवे लावले की किंमत वाढली. गाड्यांमध्येही असंच होतं का? उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतकं सोपं नाही. काही गाड्यांत दिसण्याबरोबर खरोखर काहीतरी मिळतं, काहींत नुसता स्टिकर मिळतो. त्यातला फरक ओळखायचा कसा, ते या लेखात बघू.

आधी बातमी: जीएसटीत नेमकं काय बदललं?

पेट्रोल गाडी ४००० मिमीपेक्षा लांब नसेल आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल, तर तिच्यावर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस, म्हणजे एकूण २९ टक्के कर होता. आता १८ टक्के. यापैकी एक जरी अट मोडली तर सरळ ४० टक्के.

गणित करू. करासकट १० लाखांना मिळणारी गाडी घ्या. २९ टक्क्यांचे १८ टक्के झाले, तर तीच गाडी साधारण ९ लाख १५ हजारांना यायला हवी. म्हणजे साडेआठ टक्के बचत. ही बचत खरी आहे, तिच्यात काही गोम नाही.

गंमत आहे ती दुसऱ्या बाजूला. समजा, एखाद्या गाडीची करापूर्वीची किंमत ८ लाख आहे. १८ टक्क्यांनी ती ९.४४ लाखांना पडते. त्याच गाडीत १२०० सीसीपेक्षा थोडं मोठं इंजिन बसवलं, तर ४० टक्क्यांनी ती ११.२० लाखांना पडेल. इंजिनाचा वाढीव खर्च अजून धरलेलाच नाही, नुसत्या करातच १ लाख ७६ हजारांचा फरक. कुठली कंपनी हा धोका पत्करेल?

म्हणूनच जगात ज्यांना खऱ्या अर्थाने हॉट हॅच म्हणतात, त्या आपल्याकडे येत नाहीत किंवा आल्या तर भलत्याच किमतीला येतात. जपानमधली सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. १.४ लिटर टर्बो, १४० पीएस, २३० एनएम आणि वजन फक्त ९७० किलोच्या आसपास. लांबी चार मीटरच्या आत. तरी आपल्या नियमात ती बसत नाही, कारण इंजिन १२०० सीसीच्या वर. युरोपात विकली गेलेली ह्युंदाई आय२० एन १.६ लिटरची होती, २०४ पीएसची, आणि लांबीलाही चार मीटरच्या बाहेर. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आयात केली, तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती ५२.९९ लाख. त्या पैशात काही गावांत घर होतं.

थोडक्यात सांगायचं तर, कराच्या रेषेने इंजिनाला झाकण घातलं आहे. बंपर, स्पॉयलर आणि लाल शिलाईवर मात्र अशी कुठलीच रेषा नाही. त्यामुळे 'स्पोर्टी' गाडी बनवायचा कंपनीसाठी सगळ्यात स्वस्त मार्ग कुठला उरतो? दिसणं.

'एन' आणि 'एन लाइन' यातला फरक

नावांचा खेळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे मिळते ती आय२० एन लाइन. तिचं नाव २०४ पीएसच्या 'एन'सारखं आहे, पण इंजिन वेगळं: ९९८ सीसी टर्बो, १२० पीएस, १७२ एनएम. 'लाइन' या एका शब्दात ८४ पीएसचा फरक लपला आहे. फोनमध्ये 'प्रो' आणि 'लाइट' असतं ना, तसंच.

पण म्हणून एन लाइन नुसता देखावा आहे असंही नाही. साध्या आय२०मध्ये आता १.२ लिटरचं बिनटर्बो इंजिन येतं, ८३ पीएस आणि ११५ एनएमच्या आसपास. एन लाइनमध्ये टर्बो इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि थोडं कडक सस्पेन्शन मिळतं. साध्या गाडीत मागे ड्रम ब्रेक आहेत. म्हणजे २०२३ नंतरच्या एन लाइनला दिलेल्या जादा पैशांतला बराच भाग यंत्रात जातो. लाल कॅलिपर आणि जोड-सायलेन्सर हे वरचं सजावटीचं सामान.

२०२१ मध्ये एन लाइन पहिल्यांदा आली तेव्हा चित्र वेगळं होतं. त्या वेळी साध्या आय२०मध्येही तेच १२० पीएसचं टर्बो इंजिन मिळत होतं. म्हणजे तेव्हा जादा पैसे मुख्यतः दिसणं, आवाज आणि सस्पेन्शनसाठी होते. गाडी तीच, बॅज तोच, पण 'पैसे वसूल' या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षांत बदललं. म्हणून सेकंडहँड बाजारात २०२२ ची एन लाइन बघत असाल, तर त्याच वर्षाची साधी आय२० टर्बो शेजारी ठेवून भाव विचारा.

टाटा अल्ट्रोझ रेसरचंही असंच बघता येतं. जून २०२४ मध्ये ती ९.४९ लाखांपासून आली. आधीच्या अल्ट्रोझ आय-टर्बोत ११० पीएस आणि १४० एनएम होते, रेसरमध्ये १२० आणि १७०. पीएस फक्त दहाने वाढले, पण टॉर्क तीसने वाढला आणि पाचऐवजी सहा गिअर मिळाले. बॉनेटवरच्या पट्ट्यांकडे सगळे बघतात, पण चालवताना जाणवतात ते हे तीस एनएम.

पीएस, एनएम आणि पुण्याचं ट्रॅफिक

इथे दोन मिनिटं तांत्रिक गोष्ट, कारण शोरूममध्ये ती कुणी नीट सांगत नाही.

पीएस म्हणजे इंजिनाची जास्तीत जास्त ताकद, आणि ती इंजिन जोरात फिरत असतानाच मिळते. एनएम म्हणजे टॉर्क, फिरवण्याचा जोर. साध्या १.२ लिटर आय२०ला तिचा ११५ एनएम जोर साधारण ४२०० आरपीएमला मिळतो. एन लाइनला १७२ एनएम १५०० आरपीएमपासूनच मिळायला लागतो आणि ४००० पर्यंत टिकतो. सिग्नल सुटल्यावर, घाटात ट्रकच्या मागून निघताना, चार माणसं आणि सामान घेऊन चढ चढताना तुमचं इंजिन याच पट्ट्यात असतं. रोजच्या वापरात टर्बोची मजा आहे ती इथे.

बेंचमार्क स्कोअर आणि रोजचा फोन यात जो फरक असतो, तोच ०-१०० चा आकडा आणि रोजची गाडी यात असतो. ०-१०० आपण वर्षातून किती वेळा करतो? तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० मात्र रोज करतो. टेस्ट ड्राइव्हला तेच करून बघा.

आता स्पॉयलर. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १०० च्या वेगाला स्पॉयलरवर जो जोर पडेल, त्याचा ४० च्या वेगाला जेमतेम सहावा भाग पडतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाट भागात कारला १०० ची मर्यादा, समृद्धीवर १२० ची. छोट्या हॅचबॅकच्या छतावरचा तो प्लास्टिकचा तुकडा या वेगांना तुमची पकड वाढवणार नाही. छान दिसतो, एवढंच त्याचं काम. ते मान्य करून घेतला तर काही हरकत नाही.

ब्रेकचं उलट आहे. ८० वरून थांबताना जितकी ऊर्जा जिरवावी लागते, त्यापेक्षा १०० वरून थांबताना ५६ टक्के जास्त लागते. मागचे डिस्क ब्रेक फोटोत उठून दिसत नाहीत, चाकाच्या आत लपलेले असतात. पण टर्बो गाडीत मी स्पॉयलरच्या आधी ते बघेन, आणि टायर त्याच्याही आधी.

मोठे अलॉय हा सगळ्यात फसवा भाग. चाक मोठं झालं की टायरची रबराची भिंत पातळ होते. वळणावर गाडी नेमकी वाटते हे खरं, पण पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यात तोच पातळ टायर आणि रिम मार खातात. गाडी बुक करण्याआधी टायरवाल्याकडे त्या मापाच्या एका टायरचा भाव विचारा आणि चारने गुणा.

दिसणं नाही म्हणून न विकलेली गाडी

'दिसण्यावर पैसे घालवू नका' असं सांगणारा लेख लिहिणं सोपं आहे. पण आपला बाजार तसा चालत नाही, आणि याला इतिहास साक्षी आहे.

मार्च २०१७ मध्ये मारुतीने बलेनो आरएस आणली. १.० लिटर बूस्टरजेट, १०२ पीएस, १५० एनएम, चारही चाकांना डिस्क ब्रेक. किंमत ८.६९ लाख. यंत्र म्हणून सामान पूर्ण होतं. पण दिसायला ती जवळजवळ साध्या बलेनोसारखीच होती. सोसायटीत कुणाला सांगावं लागायचं की 'ही आरएस आहे'. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने किंमत एक लाखाने उतरवली आणि २०२० मध्ये बीएस-६ येता येता गाडी बंद केली.

त्याआधी २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली होती, १४५ पीएसची, दहा लाखांच्या आत. पुण्याजवळ रांजणगावला बनायची. दिसायलाही मस्त होती. पण फियाटचं सर्व्हिसचं जाळं विरळ होतं, आणि काही वर्षांत कंपनीने इथला गाड्यांचा बाजारच सोडला. म्हणजे ताकद आणि रूप दोन्ही असूनही, मागे आधार नसेल तर मालक एकटा पडतो.

यावरून मला एक गोष्ट पटली. दिसणं ही किमतीचीच एक बाजू आहे. गाडी आपण रोज बघतो, घरचे बघतात, विकताना घेणाराही आधी डोळ्यांनीच बघतो. आपल्याकडे पहिली गाडी दारात आली की पूजा होते, पेढे वाटले जातात, फोटो गावच्या ग्रुपवर जातो. तो आनंद एक्सेल शीटमध्ये शून्य धरणं हे चुकीचं गणित आहे. फक्त त्याला हप्त्यात काय मोजतो आहोत ते माहीत असावं.

शिवाय रूप शिळं होतं. मे २०२५ मध्ये साध्या अल्ट्रोझचा चेहरामोहरा बदलला, रेसर मात्र जुन्याच रूपात राहिली. आदल्या वर्षी दिसण्यासाठी जादा पैसे मोजलेल्यांची गाडी बारा महिन्यांत 'जुनं मॉडेल' वाटायला लागली. त्यांचे तीस एनएम मात्र तिथेच आहेत.

एक लाख म्हणजे नक्की किती?

माझ्या टीममधला एक मुलगा सध्या याच पेचात आहे. पगार बरा आहे, पण वडील पुढच्या वर्षी निवृत्त होतायत आणि बहिणीची फी तोच भरतो. त्याला स्पोर्टी दिसणारं वरचं व्हेरिएंट हवंय. 'एक लाखाचाच तर फरक आहे,' असं तो म्हणतो. आम्ही दोघांनी बसून आकडे मांडले.

९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी एक लाख घेतले, तर हप्ता साधारण २,०७६ रुपये आणि एकूण परतफेड १ लाख २४ हजार ५०० च्या आसपास. सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता १,६०९ वर येतो, पण एकूण १ लाख ३५ हजार जातात. हप्ता लहान दिसतो म्हणून सात वर्षं घेणारे बरेच आहेत. विम्याच्या हिशेबात पाचव्या वर्षापर्यंत गाडीची घोषित किंमत निम्म्यावर आलेली असते. मग पुढची दोन वर्षं आपण अर्ध्या किमतीच्या गाडीचा पूर्ण हप्ता भरत बसतो.

आरटीओ टॅक्सही बघा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यावर २० लाखांपर्यंत १२ टक्के. ढोबळ हिशेबाने ९.९० लाखांच्या गाडीला १ लाख ९ हजार, तर १०.१० लाखांच्या गाडीला १ लाख २१ हजार. वीस हजारांच्या अलॉयने आणखी बारा हजार खाल्ले.

एक छोटी बचतही सांगतो, जी सेल्समन सहसा सांगत नाही. थर्ड पार्टी विम्याचा दर सीसीवर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६. म्हणजे ९९८ सीसीची एन लाइन किंवा ९९९ सीसीची स्कोडा कायलॅक यांचं इंजिन टर्बो असूनही स्वस्त गटात, आणि १.२ लिटरवाल्या वरच्या गटात. रक्कम मोठी नाही, पण दरवर्षीची आहे.

आणि बंपर. झिरो डेप नसेल तर अपघाताच्या दाव्यात प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे आपल्या खिशातून जातात. स्पोर्टी व्हेरिएंटवर प्लास्टिकच जास्त असतं. त्यामुळे अशी गाडी घेणार असाल तर झिरो डेप घ्याच.

फोनचा नियम गाडीला लावा

फोन घेताना आपण काय म्हणतो? चिप आणि रॅम नंतर बदलता येत नाही, कव्हर कधीही बदलता येतं. गाडीचंही तेच. सामानाचे तीन ढीग करा.

पहिला ढीग, नंतर कधीच न मिळणाऱ्या गोष्टी: इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, एअरबॅग, गाडीच्या सांगाड्याची मजबुती. पैसे आधी इथे. क्रॅश टेस्टचा निकाल बघा, आणि कोणत्या वर्षाच्या, किती एअरबॅगच्या गाडीचा तो आहे तेही बघा. आय२०ला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने तीन स्टार दिले, तेव्हा चाचणीतली गाडी दोन एअरबॅगची होती. आता सहा येतात. कायलॅकला भारत एनकॅपमध्ये पाच स्टार आहेत.

दुसरा ढीग, नंतर सावकाश घेता येतील अशा गोष्टी: स्पीकर, सीट कव्हर, चांगल्या कंपनीचे त्याच मापाचे टायर, मॅट. पहिल्या दिवशी नसल्या तरी चालतं.

तिसरा ढीग, ज्यांच्या वाटेला जायचंच नाही: कर्कश सायलेन्सर, ताकद वाढवणारं सॉफ्टवेअर, मापाबाहेरची चाकं. मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांपर्यंतचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वर वॉरंटी आणि विम्याचा दावा अडचणीत येतो तो वेगळाच. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करावी लागते. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, गाडीच्या कोडमध्ये कुणालाही हात घालू देणं म्हणजे अनोळखी एपीके फाइल इन्स्टॉल करणं, फक्त इथे क्रॅश होते ती गाडी.

हा नियम लावला की कायलॅकसारखी गाडी वेगळीच दिसायला लागते. डिसेंबर २०२४ मध्ये तिची सगळ्यात खालची क्लासिक ७.८९ लाखांना होती आणि सगळ्यात वरची मॅन्युअल प्रेस्टिज १३.३५ लाखांना. दोन्हीत इंजिन तेच, ११५ पीएस आणि १७८ एनएम. सहा एअरबॅग दोन्हीत. मधले साडेपाच लाख सनरूफ, स्क्रीन, अलॉय, गार हवेच्या सीट अशा गोष्टींचे. क्लासिकला रीलवर लाइक मिळणार नाहीत, लोखंडी चाकांवर प्लास्टिकचे व्हील कव्हर आहेत. पण पहिल्या ढिगातलं जवळजवळ सगळं तिच्यात आहे.

मग घ्यायची कुठली?

एकच नाव सांगणार नाही, कारण तुमचा रस्ता आणि तुमचा हप्ता मला माहीत नाही. पण शोरूमला जाताना हे करा. आवडलेल्या व्हेरिएंटच्या ऑन-रोड किमतीतून, तेच इंजिन असलेल्या सगळ्यात खालच्या व्हेरिएंटची ऑन-रोड किंमत वजा करा. उरलेली रक्कम कागदावर लिहा आणि शेजारी त्यातून काय मिळतंय ते लिहा. ब्रेक, गिअरबॉक्स, सुरक्षा असेल तर ती किंमत समजा. बाकीचं सगळं शोभा. मग स्वतःला विचारा, या शोभेसाठी महिन्याला इतके रुपये, इतकी वर्षं, मी आनंदाने देईन का?

आमच्या टीममधल्या मुलाने हा कागद केला. त्याच्या यादीत शोभेचे ९४ हजार निघाले. त्याने ठरवलंय की त्यातले काळे अलॉय हवेतच, कारण ते त्याला मनापासून आवडतात, पण सनरूफ नको. मधलं व्हेरिएंट, पाच वर्षांचं कर्ज. वडिलांना सांगताना त्याने अलॉयचा विषय काढला नाही, म्हणाला, 'मागे पण डिस्क ब्रेक आहेत, बाबा.'